रूपवान मल्ल



आजचा विषय जाहीर होताच काही मंडळी गालातल्या गालात हसली. पुरुषाने व्यासपीठावरून पुरुषांच्या रूपाची तारीफ करावी, हे आपल्याला चमत्कारिक वाटते. पण भागवताच्या दशमस्कंधात कृष्ण कंसाच्या आखाड्यात शिरतो, तेव्हा मल्लांना तो वज्र भासतो, स्त्रियांना मूर्तिमंत मदन, आईबापांना लेकरू. मल्लाचे रूप न्याहाळण्याचा अधिकार प्रेक्षकाला व्यासांनीच दिला आहे. मी तो बजावतो, इतकेच.

मी बोलणार ते मल्ल लाल मातीतले नव्हेत. अमेरिकेत बड्या कंपन्यांबाहेरच्या लहान संस्था छोट्या सभागृहांत कुस्त्या लावतात आणि त्यांच्या चित्रफिती विकतात. २००२ साली फिलाडेल्फियात निघालेली ‘रिंग ऑफ ऑनर’ ही तेव्हा त्यांतली एक होती. मी तिच्या चित्रफितींचा शौकीन आहे.

त्या देशात रूपवान मल्ल पूर्वीही होते. गॉर्जस जॉर्ज केस सोनेरी करून, कुरळे वळवून यायचा. त्याचा नोकर आधी रिंगणात अत्तर फवारायचा. पण ते रूप लोकांनी हुर्यो करावी म्हणून धारण केलेले सोंग होते. या चित्रफितींतले रूप निराळे. संस्थेच्या पहिल्या प्रयोगात, २३ फेब्रुवारी २००२ रोजी, ब्रायन डॅनियलसन हा वीस वर्षांचा पोरगा शेवटच्या कुस्तीत होता. अंगाने थोराड नाही, चेहरा साधा. पण पकड घेताना खांद्यापासून मनगटापर्यंत जी एक ओळ उमटते, ती पाहावी! सतारीची तार जुळावी तसे ते शरीर जुळलेले.

तुम्ही म्हणाल, निकाल तर आधीच ठरलेला. कबूल. पण म्हणूनच तिथे एक गोष्ट दिसते, जी खऱ्या कुस्तीत दिसणार नाही. फेकणारा फेकलेल्याची मान सांभाळतो. पडणारा आपला देह विश्वासाने त्याच्या हाती देतो. ते रूप एकट्याचे नसते, दोघांचे असते.

आणि तो विश्वासही कधी अपुरा पडतो. १३ जून २००९ रोजी हिरोशिमात मित्सुहारू मिसावा हा थोर जपानी मल्ल रिंगणात पाठीवर आदळला आणि गेला. डॅनियलसन २०१४ साली न्यू ऑर्लिन्सला सर्वांत मोठ्या कंपनीचा जगज्जेता झाला. २०१६ मध्ये डोक्याला बसलेल्या माऱ्यांमुळे त्याला निवृत्त व्हावे लागले. २०१८ मध्ये तो परतला. मी आनंदलो, आणि लगेच ओशाळलो. ज्या आपटींवर मी आरामखुर्चीत बसून ‘वाहवा’ म्हटले, त्यांची किंमत त्याच्या मस्तकाने मोजली होती.

तरीही मी पाहणे सोडलेले नाही. मात्र आता उडीपेक्षा झेलणाऱ्या हातांकडे पाहतो, आणि पडलेला उठेपर्यंत टाळी राखून ठेवतो. रसिकाला एवढे तरी करता येते.