जमिनीवरचे विमान

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आपण सुका भोपळा बांधतो. पोर गटांगळ्या खाते, नाकातोंडात पाणी जाते, पण बुडत नाही. हातपाय कसे मारावेत, हे त्याचे त्यालाच उमगते. विमान शिकणाऱ्याने मात्र हा भोपळा कोठून आणावा? आकाशात पहिली चूकच शेवटची ठरायची!

अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. आपल्या बाजाच्या पेटीला भाता असतो ना, तसलेच भाते आणि पंप जोडून त्याने १९२९ साली विमानाच्या आकाराचे एक खोके केले. आत बसून दांडा हलवावा, की खोके कलावे, वळावे. प्रथम लोकांना ती जत्रेतली गंमत वाटली. पण १९३४ साली टपाल नेण्याचे काम अमेरिकन लष्कराच्या विमानांकडे आले. हिवाळा, ढग, रात्रीचा अंधार! थोड्याच आठवड्यांत दहाहून अधिक हवाई सैनिक मेले. मग त्याच साली लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली.

ढगात होते काय? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा द्रव असतो. विमान सावकाश वळत राहिले, की तो द्रवही वळणाबरोबर फिरू लागतो आणि माणसाला वाटते, आपण सरळच चाललो आहोत. तेव्हा शरीराचे ऐकू नये, समोरच्या तबकड्यांचे ऐकावे. हे सांगून कळते, पण अंगी बाणते ते सरावानेच.

हा सराव घरच्या टेबलावर आणला ब्रूस आर्टविक या अभियंत्याने. विमानातून दिसणारे दृश्य संगणकाने कसे काढावे, यावर त्याने १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात प्रबंध लिहिला. पुढे १९७९-८० च्या सुमारास ‘ॲपल टू’ या छोट्या संगणकासाठी त्याचे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ निघाले. स्मृती लागे अवघी १६ किलोबाइट, म्हणजे आठ-दहा छापील पानांचा मजकूर मावेल एवढी! तेवढ्यात वर रेघांनी काढलेली जमीन, खाली तबकड्या. तुम्ही कळ दाबायची. संगणकाने वेग, उंची, कल यांचा हिशेब करून चित्र पुन्हा काढायचे, की पुढची कळ तुमची. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्याची आवृत्ती आयबीएमच्या संगणकासाठी काढली.

आता एक धडा पाहा. नाक फार वर उचलले, की पंखांवरून वाहणारी हवा विस्कटते, पंखांचा आधार तुटतो, विमान खाली येऊ लागते. घाबरलेला नवशिका नाक आणखी वर ओढतो आणि घात करून घेतो. खरा उपाय उलटा: नाक खाली करावे, वेग घेऊ द्यावा. संगणकावर हा घात दहादा व्हावा, अकराव्यांदा हात आपोआप योग्य बाजूला जावा.

अर्थात टेबल हलत नाही. कानातल्या द्रवाची फसवणूक तेथे अनुभवास येत नाही, आणि केवळ या खेळावर कोणी वैमानिक होत नाही. त्याला खरे विमान आणि शेजारी बसलेला गुरू हवाच.

पण गुरुजनहो, आपल्या वर्गातही असा एक भोपळा हवा, नाही का? जेथे मुलाने चुकावे, चुकीचा परिणाम स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, आणि छडी न खाता पुन्हा हात घालावा.