शिक्षा

सुरतेच्या गोडादरा भागात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या शेजारी गुजराती, तेलुगू, उडिया आणि हिंदी भाषिक कुटुंबे नांदतात. कापडाच्या धंद्याने त्यांना एकत्र आणले. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळाही या सर्व भाषांतून चालतात. अशा ठिकाणी एका लहानशा शब्दाने मला कसे चकवले, ते आज सांगते.

माझ्या वर्गातील एक उडिया मुलगा वारंवार उशिरा येई. एके दिवशी मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले. सायंकाळी त्याचे वडील भेटले. ते यंत्रमागावर रात्रपाळी करीत. 'आज आपके लडके को शिक्षा दी,' असे मी माझ्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणाले. त्यांनी हात जोडले. 'त्यासाठीच तर त्याला आपल्याकडे पाठवतो, बाई,' असे ते कृतज्ञतेने उद्गारले. मला पुढे बोलवेना.

मराठी, गुजराती, तेलुगू, कन्नड या भाषांत शिक्षा म्हणजे दंड. हिंदी, बंगाली, उडिया भाषांत शिक्षा म्हणजे विद्या. संस्कृतात 'शिक्ष्' हा धातू शिकण्याचा. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही शिक्षाच. दंडाचा अर्थ मागाहून जडला. युरोपातही असेच घडले. लॅटिनमधील 'डिसिप्लिना' म्हणजे शिष्याने घ्यावयाची विद्या. पुढे ख्रिस्ती मठांत प्रायश्चित्तासाठी स्वतःच्या पाठीवर ओढावयाच्या चाबकालाही तेच नाव मिळाले. गुरूजवळ छडी असे, म्हणूनच की काय, दोन्ही अर्थ एका शब्दात राहिले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला हिंदीत 'शिक्षा का अधिकार' म्हणतात. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक दंड करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शिक्षेचा हक्क देणारा कायदाच शिक्षेला बंदी करतो, हे ऐकून मराठी माणसाला हसू येईल. मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला उशिराचे कारण विचारले. वडील पाळीवरून परतेपर्यंत तो धाकट्या बहिणीला सांभाळीत असे. हा प्रश्न मी आधीच विचारावयास हवा होता. मी वडिलांना माझ्या भाषेतील शिक्षेचा अर्थ सांगितला आणि त्यांची क्षमा मागितली. तेव्हापासून त्याचा बुडालेला धडा मी मधल्या सुट्टीत घेऊ लागले. वडिलांनी ज्या शिक्षेसाठी हात जोडले होते, ती ही.