लाल अक्षरं

शेजारच्या बागायतदार काकांसाठी मी आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो त्यांच्या संगणकावर चालावा म्हणून ‘इलेक्ट्रॉन’मध्ये बांधायचा होता. २०१३ साली सुरू झालेलं हे मोफत साधन प्रोग्रामसोबत अख्खा ब्राउझरच बांधून देतं. त्यामुळे ते उतरवायलाच १०० एमबीच्या आसपास डेटा लागतो. ऐन एप्रिलात अवकाळी कोसळला, वीज गेली आणि उतरवणं मध्येच तुटलं.

मग सुरू झाली गंमत! बसवायची आज्ञा दिली की उत्तर, ‘सगळं ठीक’. चालवायला गेलं की लाल अक्षरं. मध्यरात्री तर मी विंडोजच नव्याने टाकायला निघालो होतो. शेवटी ती लाल ओळ नीट वाचली. ‘नोड मॉड्यूल्स’मधला इलेक्ट्रॉनचा फोल्डर काढा आणि पुन्हा बसवा, असं त्यात सरळ लिहिलेलं! फोल्डर जागेवर होता, आतला माल अर्धवट. संगणकाला मात्र फोल्डर दिसला, एवढंच पुरे.

फोल्डर काढला, पुन्हा बसवलं, चाललं.

सकाळी काकांनी पहिली नोंद केली. पेट्या बारा, त्यातल्या तीन डागी.