आधी शेळीला पाला चारा, मग कविता लिहायला सांगा



मुकुंदवाडीतल्या या बालकविता मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून एकच मुद्दा मांडतो. मुलांच्या प्राण्यांवरच्या कवितांत डोळ्यांची चंगळ असते आणि कान, नाक, कातडी उपाशी राहतात. याला जबाबदार आपण शिकवणारे आहोत.

वर्गातली नेहमीची कविता आठवा. वाघ जंगलाचा राजा, ससा पांढराशुभ्र, मोर थुईथुई नाचणारा. लिहिणाऱ्याने ससा कधी हातात धरलेला नसतो. तरीही ‘ससा’ला ‘कसा’ जुळलं की आपण ‘वा!’ म्हणून मोकळे होतो. दारातली शेळी मात्र वहीत येत नाही, कारण ती कवितेचा विषय असू शकते हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून शेळीपासूनच सुरुवात करा. मुलाच्या तळहातावर बाभळीचा पाला ठेवा आणि त्याला डोळे मिटायला सांगा. पत्र्यावरून उतरणाऱ्या खुरांची टकटक ऐकू येईल, बोकड जवळ असेल तर उग्र दर्प येईल. मग ओलसर, लुसलुशीत ओठ तळहात चाचपतील. आता डोळे उघडू द्या. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, हे त्याला पहिल्यांदाच दिसेल. त्यानंतर ‘शेळी कशी असते?’ असं विचारू नका, कारण उत्तर ‘गोंडस’ असंच येईल. ‘ती पाला खात होती तेव्हा हाताला काय झालं?’ असं विचारा. मग विशेषणाच्या जागी क्रियापद येतं आणि कवितेत जीव येतो.

शेळीसारखं भटक्या कुत्र्यांना हात लावायला अर्थातच सांगू नका; तिथे कान पुरेत. रेल्वे स्टेशनालगत राहणाऱ्या मुलांना एवढंच विचारा: रात्री गाडी गेली की कुत्री कशी भुंकतात, आणि दारात अनोळखी माणूस आला की कशी?

अनुभवातून लिहिण्याची ही वाट आपल्याकडे नवी नाही. शेजारच्या पैठणचे संत एकनाथ विंचवाच्या भारुडात काम-क्रोधासारखी अमूर्त गोष्ट अंगाला फुटलेल्या घामातून सांगतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सुगरणीचा खोपा त्यांनी असा निरखला, की चोचीच्या कारागिरीवरून त्या थेट माणसाच्या हातांपर्यंत आल्या. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’मध्ये (१९६१) प्राणी भेटतात ते गमतीजमती घेऊन. तेव्हा कल्पनेचं वावडं नकोच. फक्त तिचे पाय अनुभवावर टेकलेले असावेत.

‘शहरातल्या पोरांनी गुरं आणायची कुठून?’ असं मला विचारलं जातं. चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतल्या कामासाठी खेडी सोडून आलेली कितीतरी कुटुंबं या परिसरात आहेत. त्यांच्या घरी आजोबा आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळताना जुवाचा घट्टा हाताला कसा लागायचा, हे नातवाने त्यांना विचारावं. धार काढताना रिकाम्या चरवीचा आवाज कसा असायचा आणि ती भरत आली की कसा बदलायचा, हे आजीला विचारावं. आजी-आजोबा ज्या बोलीत सांगतील, त्याच बोलीत मुलाला लिहू द्या. शुद्धलेखनाची लाल रेघ नंतर मारता येते.

शेवटी अध्यक्ष म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत ‘सुंदर’, ‘गोड’, ‘गोंडस’ हे शब्द टाळण्याची अट घाला. यमकाला गुण देऊ नका. मुलाने स्वतः ऐकलेल्या, हुंगलेल्या, हात लावून पाहिलेल्या एका तरी गोष्टीला द्या. कविता कमी येतील, पण ज्या येतील त्या मुलांच्या स्वतःच्या असतील.