सिग्नलपाशी काय मोजायचं?

बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंका आहे. बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांचं हे मूळ ठिकाण. २००८ साली देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि शहर या गावाच्या अंगावरून उत्तरेला धावू लागलं.

अशा वाढत्या शहरात मोठी इमारत उभी राहण्याआधी तिच्यामुळे वाहतुकीवर किती भार पडेल, हे तपासतात. जुनी पट्टी अशी, की चौकात गाडी किती सेकंद खोळंबते ते पाहायचं. मोकळ्या रस्त्याला ‘ए’, तुंबलेल्याला ‘एफ’. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखंच! पण गंमत बघा. गजबजलेल्या भागात, बसथांब्याजवळ घरं बांधली तर चौक नापास होतो. दूर माळरानावर बांधली तर सहज पास. तिथला माणूस मग दुधाच्या पिशवीसाठीही गाडी काढतो, आणि कामाला शहरातच येतो. त्याची गर्दी येलहंकाहून शहरात येताना लागणाऱ्या हेब्बाळच्या चौकात दिसते.

म्हणून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला. २०२० च्या जुलैपासून तिथे पर्यावरणीय तपासणीत खोळंब्याऐवजी प्रकल्पामुळे वाहनं एकूण किती अंतर धावतील, ते मोजतात.

इकडे बेंगळुरूत खोळंबा कमी करायला शहरातल्या चालुक्य सर्कलपासून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल ठरला होता. शेकडो झाडं जाणार म्हणून २०१६ मध्ये नागरिक रस्त्यावर उतरले; २०१७ मध्ये सरकारने तो रद्द केला. खोळंबा मोजला की उत्तर बहुधा पूलच निघतं. अंतर मोजलं, तर येलहंका जंक्शनवरची लोकल गाडी आणि स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर, हीही उत्तरं दिसू लागतात.