रान मुळाशी चालतं, घडाशी का नाही?



बारामती-इंदापूरच्या द्राक्ष बागायतदारांनो, तुम्ही मला अध्यक्ष केलंत. अध्यक्षाने वर्षाच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असतो. तो छापील प्रतीत आहे, सवडीने वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती फार वर्षं पोटात ठेवली आहे.

आपल्या बागा कशावर उभ्या आहेत? बहुतेक डॉगरिजवर. हा खुंट टेक्सासच्या रानातल्या द्राक्षवंशातला. क्षारट पाणी आणि दुष्काळ यांपुढे आपल्या मूळच्या वेली हरल्या, तेव्हा आपण त्याच्या पायाशी गेलो. म्हणजे रान मुळाशी चालतं. घडाशी आलं की मात्र आपलं नाक वर. माझ्या परसातल्या एका संकरित वेलीचा घड मी व्यापाऱ्याला दाखवला. त्याने एक मणी तोंडात टाकला, थुंकला आणि म्हणाला, "साहेब, याला अत्तराचा वास येतोय." मग खिशातून पट्टी काढून मण्याची जाडी मोजली. रंगाबद्दल एक शब्द नाही!

रंग म्हणजे सालीतली अँथोसायनिनं. युरोपीय द्राक्ष त्या रेणूला एकच साखर जोडतं; अमेरिकेतल्या अनेक रानजाती दोन जोडतात. दोन साखरांचा रंग उष्णतेला आणि उजेडाला जास्त टिकतो. साठवणीत तो तपकिरी पडतो, हा दोषही सांगतो. युरोपात याच दुसऱ्या साखरेवरून वाइनमधली संकरित भेसळ पकडतात. त्यांच्या लेखी तो गुन्ह्याचा पुरावा. तो कायदा त्यांच्या थंड देशाचा. आपण इथल्या उन्हात त्याच नजरेने का पाहायचं?

काळ्या वाणांना रंग का येत नाही, यावर सकाळच्या सत्रात दोन तास वाद झाला. एक पक्ष म्हणतो घडांचा भार, दुसरा म्हणतो ऊन. इंदापूर तालुक्यातल्या एका बागेत मी स्वतः घड मोजलेत. त्याच ओळीत, त्याच वेलीवर, दोन्ही बाजूंना सारखे घड ठेवले. मण्यांत पाणी उतरल्यावर पूर्वेचे घड काळेभोर झाले, पश्चिमेचे वीटकरीच राहिले. दुपारच्या उन्हात मणी हवेपेक्षाही तापतो आणि पस्तीस अंशांच्या वर साल रंग करणंच सोडते. भाराचाही वाटा असेल. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. त्यावर आपला उपाय काय, तर इथेफॉन. रंग वेलीत नसेल तर बाटलीतून आणायचा.

आणि ज्यांच्या वंशात रान आहे त्या वेली कुठे आहेत? लांब नाही. बारामती तालुक्यातच होळला आघारकर संशोधन संस्थेचं प्रक्षेत्र आहे. त्याच संस्थेचा एआरआय-516 हा कटावबा आणि ब्युटी सीडलेस यांचा संकर आहे. कटावबात अमेरिकी रानद्राक्षाचं रक्त आहे. बुरशीला एआरआय-516 दाद देत नाही, रसाला उत्तम. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 'मांजरी मेडिका' दिला. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांचा संकर, गरसुद्धा रंगीत. त्यातही पुसा नवरंगकडून रानाचा अंश आला आहे, आणि रंगासाठी निवड केली तर काय हाती लागतं ते त्यातून दिसतं. आपण मात्र ते वाण रसवाल्यांचे म्हणून बाजूला ठेवतो. (आपल्या सह्याद्रीतलं रानद्राक्ष याच कुळातलं, पण वंश वेगळा.)

प्रत्येक बागेत सालीच्या रंगाची नोंदवही ठेवावी, असं मला वाटतं. कोणी, कशी, हे आपल्या समितीने पाहावं. तोवर एक घरगुती चाचणी सांगतो. चार मण्यांच्या साली कपभर कोमट पाण्यात चुरगळा, चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग भरपूर असेल तर पाणी निळं-हिरवं होतं, लिंबू पिळलं की परत लाल. आमच्या घरी चहाचे सगळे कप यातच गेले.

पुढच्या फेब्रुवारीत येताना प्रत्येकाने पश्चिमेच्या बाजूचा एकेक घड घेऊन या. सोडा मी आणतो.