कंपवातातील नैराश्य आणि त्याच्या शरीरातील खुणा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक सभेत केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्राचा मला अधिकार नाही. परंतु माझे ज्येष्ठ बंधू गेली नऊ वर्षे कंपवाताने आजारी आहेत. त्यांच्यासमवेत डॉक्टरांकडे जाता-येता जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या व्याधीवर निबंध लिहिला, त्यात रुग्णाची इंद्रिये व बुद्धी अबाधित राहतात असे नोंदविले. रुग्णाच्या मनाकडे वैद्यकाचे पुरेसे लक्ष फार उशिरा गेले. आज असे मानले जाते की सुमारे एक तृतीयांश रुग्णांत दखल घ्यावी अशी नैराश्याची लक्षणे असतात; आणि कित्येकांत ती हात थरथरू लागण्याच्या काही वर्षे आधीच दिसतात.

'एवढा आजार जडला, मग माणूस खचणारच,' असे आपण सहज म्हणून जातो. पण आजाराचे नावही कानी पडले नव्हते तेव्हा जो खचला, त्याचे काय? याचे एक उत्तर जर्मन शास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ साली मांडले. हालचालींना आवश्यक असे डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींपर्यंत हा विकार पोहोचण्यापूर्वीच, मेंदूच्या देठातील सिरोटोनिन व नॉरॲड्रेनालिन निर्माण करणारी केंद्रे बाधित होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मनाची उभारी राखण्यात या द्रव्यांचा वाटा मोठा. म्हणजे ज्या झिजेने हात कापतो, तिनेच मनही खालावू शकते.

याचे पुरावे शरीरात शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८४ साली अमेरिकेतील संशोधकांना नैराश्यग्रस्त कंपवात-रुग्णांच्या मणक्यातील पाण्यात सिरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य कमी आढळले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेट स्कॅनद्वारे पाहिले, तेव्हा अशा रुग्णांच्या भावनांशी निगडित मेंदूभागांत डोपामाइन व नॉरॲड्रेनालिनचे तंतू घटलेले दिसले. अलीकडे रक्तातील दाहदर्शक द्रव्यांचाही अभ्यास होतो. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे त्यांपैकी एक. पण ते साध्या तापातही वाढते. ताग्यावरील छाप पाहून आम्ही मिलचे नाव सांगतो. या नैराश्याचा असा निःसंदिग्ध छाप रक्तात अद्याप सापडलेला नाही. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' याचा अर्थ 'मन ठीक आहे' असा मुळीच होत नाही.

मग निदान कसे होते? विचारून. वृद्धांसाठी पंधरा साध्या प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, उत्तरे केवळ हो किंवा नाही. अडचण अशी की कंपवाताने चेहरा निर्विकार होतो, आवाज बारीक होतो, झोप उडते, हालचाल मंदावते. ही लक्षणे नैराश्याचीही. त्यामुळे चेहऱ्यावरून अनुमान करू नये. पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात आता वाटतो का, हे रुग्णालाच शांतपणे विचारावे.

आपल्या समाजात आणखी एक गफलत होते, ती स्पष्ट बोलतो. घरातील वडीलधारे गप्प राहू लागले, नातवंडांत रमेनासे झाले, देरासरात येणे टाळू लागले, की आपण कौतुकाने म्हणतो, 'विरक्ती आली.' विरक्ती माणसाला शांत करते. नैराश्य त्याला आतून पोखरते. 'आता जगून काय करायचे' असे वाक्य कानी आले, तर ते निर्मोहीपणाचे लक्षण मानू नये; त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानी घालावे.

आपण शाकाहारी असल्याने बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्यात पुष्कळ आढळते. कंपवातावरील लेव्होडोपा हे औषध दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील होमोसिस्टीन वाढू शकते, आणि बी-१२ कमी असेल तर अधिकच. या कमतरतेनेही मन मलूल होते. थायरॉइड व बी-१२ या दोन तपासण्या त्यामुळे डॉक्टरांना आवर्जून विचाराव्यात. येथे कारण सापडले तर उपाय सोपा असतो.

औषधे आहेत. २०१२ साली अमेरिकेतील एका चाचणीत पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन या दोन्हींचा अशा रुग्णांना लाभ झाल्याचे दिसले. समुपदेशनाचाही उपयोग सिद्ध झाला आहे. मात्र सेलेजिलिन, रासाजिलिन यांसारख्या कंपवाताच्या गोळ्यांचा नैराश्यावरील काही औषधांशी धोकादायक संयोग होऊ शकतो; म्हणून दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही सर्व गोळ्यांची यादी दाखवावी. चौविहाराचा नियम असलेल्यांनी गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नयेत. मात्रेचा असर ओसरला की काहींचे मनही त्या वेळेपुरते खचते. वेळापत्रक डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावे आणि नियमाविषयी महाराजसाहेबांचा सल्ला घ्यावा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी कार्य करते. रुग्ण आणि त्यांची सेवा करणारे, दोघांनाही तेथे आपल्यासारखी माणसे भेटतात. ज्यांना पत्ते हवे असतील त्यांनी सभेनंतर माझ्याकडून घ्यावेत.